पानांचा लाल रंग आणि पावसावरचा ठपका

प्रश्न : आम्ही सिएटलला राहतो. दाराशी कुंडीत जपानी मेपल आहे. शेजारचं झाड नोव्हेंबरात लालबुंद होतं, आमचं मात्र कडांनी तपकिरी होऊन गळून जातं. सततच्या पावसाने असं होतं का?

उत्तर : पावसाला उगाच बोल लावू नका. कडा करपल्या त्या उन्हाळ्यात. सिएटलचे जुलै-ऑगस्ट कोरडे असतात; कुंडी तापते आणि पानाच्या टोकापर्यंत पाणी पोचत नाही. करपलेला भाग पुढे रंगत नाही.

पिवळा रंग हिरव्याखाली आधीपासून दडलेला असतो, तो हिरवा ओसरला की दिसतो. लाल रंग मात्र पान शरदात साखरेपासून नव्याने तयार करतं. त्याला दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण पाणी गोठेल इतका नको. म्हणून सकाळचं तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा द्या. नत्राचं खत जूननंतर बंद. उन्हाळ्यात बोट 5 सेंमी मातीत खुपसून पाहा, कोरडं लागलं तर तळातून पाणी निथळेपर्यंत घाला. (काही जाती मुळातच पिवळ्या होतात. नर्सरीची चिठ्ठी असेल तर एकदा वाचा.)

पावसाळी महिन्यांत काळजी मुळांची. कुंडीखालची बशी काढा, विटांच्या तीन तुकड्यांवर कुंडी उचलून ठेवा आणि तळाचं भोक पानांनी बुजलं नाही ना ते बघा. माती चिखलासारखी राहिली की मुळं कुजतात.

आणि रंग बघायचाच तर सर थांबल्यावर लगेच, झाडाखाली उभं राहून वर बघा. ओल्या पानावरून पांढरा उजेड कमी विखुरतो, म्हणून लाल गडद दिसतो. भिजून काळं पडलेलं खोड त्याला आणखी उठाव देतं. फुटपाथवरची पानं त्याच दिवशी ओढा. ओली पानं निसरडी असतात, आणि रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीवर साचली की पाणी तुंबतं.

प्रश्न : पुण्यात नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात गच्चीवरची शेवंती दरवर्षी सडते. उपाय?

उत्तर : दाट पाकळ्यांत पाणी अडतं आणि बुरशी धरते. आभाळ भरून आलं की कुंड्या पत्र्याखाली घ्या. भिजल्याच तर फूल उलटं करून हलकं झटका आणि तपकिरी फुलं देठासकट खुडा. पाणी सकाळीच, तेही बुंध्याशी. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर हवंच.