टिक-टिक एकसारखी येतेय? मग उल्का नाही, आधी झटका मशीन बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मिथुन उल्कावर्षावाच्या रात्री वावरात एफएमला वायर लावून बसलो, रातभर टिक-टिक आली पण दूरच्या स्टेशनचा एक शब्द नाही, ॲन्टेना चुकला का? ॲन्टेनाचं मला वाटत नाही. (नवख्यांसाठी: उल्का पडते तेव्हा तिच्या रेघेवरून लांबचं एफएम स्टेशन क्षणभर ऐकू येतं, तेच आपण शोधतोय.) माझे असेच दोन डिसेंबर गेले म्हणून लांबलचक लिहितोय.

पहिल्या वर्षी मी लॅपटॉपला एसडीआर डोंगल लावलं (रेडिओ सिग्नल स्क्रीनवर दाखवणारी यूएसबी काडी), स्क्रीनवर दर सेकंदाला रेघ, आणि मी त्या उल्का म्हणून वहीत मोजत बसलो. दुसऱ्या वर्षी कळलं की इतकी नेमाने उल्का येत नसते, तर सगळा दोष डीपीवर, म्हणजे वावरातल्या ट्रान्सफॉर्मरवर टाकला. अर्ज घेऊन एका कार्यालयात चार चकरा मारल्या, तर म्हणे लाइट आहे ना, मग तक्रार कशाची? अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. रेडिओवर गोंगाट येतो ही तक्रारच नाही असं त्यांना वाटतं, याचा मला अजून राग आहे. पण खरी चूक माझीच, कारण एका रात्री ओलिताची लाइन गेली, डीपी बंद, लॅपटॉप बॅटरीवर, आणि टिक-टिक चालूच! तेव्हा उजेड पडला. शेजारच्या तुरीला रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन होतं ते, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं, सोलर बॅटरीवरचं. तारेला गवत टेकलं की ठिणगी पडते आणि ती पूर्ण बँडभर ऐकू येते.

तुमच्याकडे तेच असेल असं छातीठोक सांगत नाही. पण शेजाऱ्याला विचारून दहा मिनिटं मशीन बंद ठेवा आणि ऐका, त्याला न सांगता तारेला हात लावू नका. गवत कापलं, फुटका इन्सुलेटर बदलला की बहुतेक भागतं. मोबाइल चार्जर आणि एलईडी बल्बही बंद करा.

खरी उल्का म्हणजे साधारण १०० किमी उंचीवरची तापून विद्युतभारित झालेल्या हवेची रेघ, तिच्यावरून लांबचं स्टेशन परत खाली येतं, अर्धा सेकंद गाण्याचा तुकडा नाहीतर नुसती शिट्टी, मग परत खरखर. अंतर एकसारखं नसतं. एसडीआरवर ती फक्त त्या स्टेशनच्या जागी दिसते, झटक्याची रेघ आडवी सगळीकडे. आपण विदर्भवाले यात नशीबवान, नागपूरहून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई चारही ७०० ते १००० किमीवर, उल्केसाठी बरोब्बर अंतर. दिल्लीचं एफएम १०२.६ मेगाहर्ट्झ बघा, पण तुमच्या गावात ती जागा दिवसा रिकामी आहे का ते आधी तपासा, नाहीतर जवळचंच स्टेशन ऐकत बसाल. १३-१४ डिसेंबरला रात्री दोनच्या सुमारास मिथुन डोक्यावर असते, तेव्हा झोपू नका.

ऑगस्टच्या १२-१३ ला, ययाती उल्कावर्षावाच्या वेळी, ढग असले तरी रेडिओला फरक पडत नाही, फक्त विजा कडकडत असतील तर वायर काढून ठेवा, हे मात्र हट्टाने सांगतो. आणि हे सगळं ऐकण्यापुरतं, स्वतः सिग्नल सोडायचा तर सरकारी परवाना लागतो.

मशीन बंद असतानाचं रेकॉर्डिंग टाका, मी ऐकून सांगतो.