पुस्तकात ठेवलं आणि बुरशी आली

प्रश्न : ताई, आमच्या वाशीच्या घराच्या ग्रिलमध्ये पंधरा-वीस कुंड्या आहेत. त्यातली फुलं-पानं दाबून चहाचा लाकडी ट्रे सजवायचा, असं ठरवलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जास्वंद, मनीप्लांट, कोलियस आणि बोगनवेल एका जाड पुस्तकात घातली. तीन आठवड्यांनी उघडलं तर जास्वंद काळी पडून कागदाला चिकटलेली, मनीप्लांटवर पांढरी बुरशी. बोगनवेल तेवढी शाबूत. माझं चुकलं कुठे? पुस्तक सासऱ्यांचं आहे.
– एक वाचक, वाशी

उत्तर : पुस्तक आधी पंख्याखाली उभं करून, पानं फाकवून ठेवा. ट्रेचं नंतर बघू.

कुठे चुकलं याचं उत्तर एका शब्दात : जुलै. मी कॉलेजच्या बॉटनीच्या लॅबमध्ये २७ वर्षं असिस्टंट होते. मुलं सहलीहून पिशव्या भरभरून फांद्या आणायची, आणि त्या दाबून, वाळवून ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या हर्बेरियम शीटवर बसवायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडायचं. तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. पानातलं पाणी कागद पितो आणि कागदातलं हवा पिते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेलाच तहान नसते. मग कागद ओला तो ओलाच, आणि त्यात तुम्ही तीन आठवडे डोकावलाही नाहीत!

यापुढे पुस्तक नको, वर्तमानपत्र घ्या. गुळगुळीत रंगीत पुरवणी बाजूला काढा, ती पाणी शोषत नाही. पेपरवर इस्त्री फिरवा, गार होऊ द्या, मग त्याच्या घडीत दोन टिश्यूंच्या मध्ये पान ठेवा, म्हणजे शाई लागणार नाही. वर फळी आणि फळीवर डाळ-तांदळाचे भरलेले डबे. पहिले चार दिवस रोज पेपर बदलायचा, पुढे एक दिवसाआड. कंटाळा येतो, मान्य आहे. पण सगळी करामत या बदलण्यातच आहे, गोंद-वॉर्निशचं काम फार सोपं. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या मात्र फेकू नका. वाळलेली पानं ज्या डब्यात ठेवाल त्यात टाका.

पान वाळलं की नाही, हे ओळखताना बोट फसतं. गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून ओल आहे. लॅबमधल्या मुली मला हसायच्या, मग स्वतःही तेच करायच्या.

आता तुमच्या कुंड्यांकडे येते. जास्वंदीत चिकट रस असतो. केसांना लावायला उत्तम, दाबायला वैताग. पाहिजेच असेल तर खालची हिरवी वाटी आणि मधली लांब दांडी काढून पाकळ्या सुट्या दाबा आणि ट्रेवर पुन्हा जुळवा. मनीप्लांटच्या पानाची मधली शीर मागून ब्लेडने हलकी तासा, कोवळं पानच घ्या. कोलियस वाळतं चांगलं, पण उजेडात त्याचा रंग उतरतो. हंसराज असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही, दोन-तीन दिवसांत कागदासारखं होतं. डिफेनबेकियाच्या वाटेला जाऊ नका, त्याच्या रसाने हाताला खाज सुटते.

बोगनवेल शाबूत का राहिली? ज्याला आपण फूल म्हणतो ती मुळात रंगीत पानं. खरं फूल म्हणजे मधली पांढरी नळी. ती रंगीत पानं वेलावर असतानाच कागदी असतात, त्यात पाणी ते कितीसं असणार!

ट्रेला पॉलिशपेपर मारा, ओल्या फडक्याने पुसून वाळवा. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळा, मऊ ब्रशने ट्रेवर लावा, चिमट्याने पान ठेवा, मधून कडेकडे दाबत हवा काढा. रात्रभर थांबून पाण्यावर चालणाऱ्या वॉर्निशचे तीन पातळ हात द्या. एकच जाड हात दिलात तर पान सुरकुततं. तरीही गरम पातेलं थेट त्यावर नको.

प्रश्न : चिनी मातीच्या दोन मगांवर झेंडूच्या पाकळ्या गोंदाने चिकटवल्या, पहिल्याच धुण्यात सगळं सिंकमध्ये. धुता येईल असं काही आहे का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : घरच्या घरी, रोज घासता येईल असं नाही. शिवाय ओठ लागतो तिथे गोंद-वॉर्निश नकोच. त्या मगांत पेन ठेवा. झेंडूचा पिवळा रंग बराच टिकतो, तेव्हा मेहनत वाया जाणार नाही. जांभळी नाक्याला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेला झेंडू मिळतो, मी तो तिथूनच आणते आणि घासाघीस करत नाही.

प्रश्न : कळव्याचं घर सोडताना आईच्या गोकर्णीची निळी फुलं दाबून फ्रेम केली होती. वर्षभरात ती राखाडी झाली. परत निळी करता येतील?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही हो. गोकर्णीचा निळा नाजूक, लिंबाच्या थेंबाने जांभळा होतो आणि उन्हाने विटतो. फ्रेम खिडकीसमोर असेल तर आतल्या भिंतीवर न्या, उरलंय तेवढं राहील. आणि त्या घरी आता जे कोणी राहतात त्यांना फोन करा, वेल अजून असेल तर शेंगा मागा. तपकिरी, वाजणारी शेंग हवी, हिरवी नको. बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि दुसऱ्या दिवशी कुंडीत लावा.