उपग्रहचित्रांवरून नाशिकचा बदल अभ्यासताना

नाशिक परिसरातील पर्यावरणबदल अभ्यासायचा असेल, तर सॉफ्टवेअर निवडण्याआधी द्राक्षबागांचे वेळापत्रक समजून घ्या. एप्रिलमधील खरड छाटणी किंवा ऑक्टोबरमधील फळछाटणी झाली की वेली उघड्या पडतात आणि हिरवाईचा निर्देशांक (चित्रातून काढलेला, हिरवी पाने किती दाट आहेत हे सांगणारा आकडा) एकाएकी घसरतो. ही घसरण वृक्षतोड समजून नकाशावर लाल रंगात दाखवण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना चित्रे एकाच हंगामातील, शक्यतो छाटणीच्या त्याच टप्प्यावरची घ्या.

१९८० च्या दशकापासूनच्या बदलासाठी लँडसॅट उपग्रहांची ३० मीटरची (म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या ३० मीटर लांबी-रुंदीचा) आणि २०१५ नंतरच्यासाठी सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची चित्रे विनामूल्य मिळतात. पावसाळ्यात ढगांमुळे ती फारशी उपयोगी पडत नाहीत. तेव्हा नांदूरमध्यमेश्वर या पाणथळ जागेचा पाणपसारा मोजण्यासाठी सेंटिनेल-१ उपग्रहांचे ढगांपलीकडचे टिपणारे रडार वापरा, मात्र पाणवनस्पतींखालचे पाणी त्यातूनही निसटते, त्यामुळे काठावर जाऊन खात्री करणे आलेच.

चित्रांवरून बाग, जंगल, पाणी असे जमिनीचे प्रकार ओळखायला संगणकाला शिकवलेल्या प्रारूपाची (मॉडेलची) अचूकता तपासताना शेजारशेजारचे नमुना-बिंदू प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्हींकडे वाटले, तर आकडा फसवा चांगला येतो. निफाड तालुक्यावर शिकवलेले प्रारूप दिंडोरीत तपासा. येणारी अचूकता बहुधा कमी असेल, पण अहवालात तीच लिहा.