चारच तर तारा आहेत!

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी खर्जातले सूर देणारी एक बेस गिटार उभी असते. कॉलेजात बँडमध्ये वाजवायचे, आता आठवड्यातून दोन-तीनदा वाजवते. तिच्यामुळे हौशी वादक ओळखीच्या ओळखीतून माझ्याकडे येऊ लागले आणि गेली काही वर्षं मी जवळपास एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकते आहे : "सहा महिने झाले, रोज बसतो, तरी जमत नाही. मला हे अंगच नाही का?"

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि त्यात आणखी दोघा-तिघांचे अनुभवही मिसळले आहेत.

चाळिशी ओलांडलेले गृहस्थ. आले ते झोप लागत नाही म्हणून. दोन भेटी कामाच्या ताणावर गेल्या. तिसऱ्या भेटीत त्यांची नजर कपाटाकडे गेली आणि खरा विषय निघाला. मित्रांनी मिळून बँड काढला होता. गिटारला दोघे, ड्रम्सवर एक, गायला एक. बेस घ्यायला कुणी तयार होईना. "तू घे रे, सोपी असते, चारच तर तारा आहेत," म्हणून ती यांच्या गळ्यात घातली. (बेस अनेकांच्या वाट्याला अशीच येते. १९६१मध्ये बीटल्स या बँडचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला, तेव्हा पॉल मॅकार्टनी बेसकडे वळला, तोही कुणीतरी ती जागा भरायला हवी होती म्हणून.)

"अवघड वाद्य घेतलं असतं आणि जमलं नसतं, तर एवढं लागलं नसतं, मॅडम. पण सोपं तेही जमत नाही, म्हणजे..."

"म्हणजे?"

"म्हणजे खोट माझ्यातच आहे."

अवघड गोष्ट जमली नाही तर माणूस गोष्टीला बोल लावतो. सोपी म्हणून हातात दिलेली जमली नाही, की स्वतःला. म्हणून शिकवणाऱ्यांना माझी विनंती असते की 'सोपं आहे' हे शब्द धीर देण्यासाठी वापरू नका. ऐकणाऱ्याला त्यातून धीर मिळत नाही, फक्त मागे फिरायची वाट बंद होते.

आणि बेस सोपी नाहीच. नेहमीच्या बेसवर तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असते. लांब दांड्यावर, म्हणजे नेकवर, आडव्या पट्ट्या असतात, ते फ्रेट. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर भरतं, आणि नवशिक्याला सांगितलं जातं की चार बोटं चार फ्रेटवर पसरून ठेव. तारा जाड. त्यातली सगळ्यात खालच्या सुराची ई तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते. फोनच्या स्पीकरमधून तो मूळ सूर बाहेरच पडत नाही, त्याच्या वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात. हे गृहस्थ रोज रात्री फोनवर स्वतःचं वादन रेकॉर्ड करायचे, ऐकायचे, आणि 'मी वाजवतो ते ऐकूच येत नाही' म्हणून जागत पडायचे. मी त्यांना चांगले हेडफोन लावायला सांगितलं. अर्धी तक्रार तिथेच संपली, आणि यात समुपदेशन म्हणावं असं काहीही नव्हतं.

अशा तक्रारी मी आधी बाजूला काढते, कारण वाद्याच्या अडचणीवर मनाचं औषध देणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय. बोटं आखूड आहेत? सुरुवातीच्या फ्रेटवर चार बोटं पसरण्याचा हट्ट सोडा. उभ्या डबल बेसवाले तिथे पहिलं, दुसरं आणि चौथं बोटच वापरतात, तिसरं करंगळीला आधार देतं. हवं तर ३० इंची लहान बेस घ्या, त्यात कमीपणा कसला? न वाजवलेल्या तारा गुणगुणत राहतात? ई सोडून दुसऱ्या तारा वाजवताना उजवा अंगठा ई तारेवर टेकवा, आणि डाव्या हाताची रिकामी बोटं बाकीच्या तारांवर नुसती ठेवून द्या. बेस शिकणं म्हणजे निम्मं तारा गप्प ठेवायला शिकणं. उजव्या हाताची दोन बोटं आलटूनपालटून चालवायची, हे जरूर शिका. पण येत नाही म्हणून रडू नका. बेसवादक जेम्स जेमरसननं मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत जे वाजवलंय ते उजव्या हाताच्या एका तर्जनीनं.

दुखण्याबद्दल मात्र मी कडक आहे. सुरुवातीला बोटांची टोकं हुळहुळी होणं ठीक, घट्टे पडतात आणि विषय मिटतो. पण मनगट दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं उरत असेल, तर वाद्य खाली ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा.

यांचा डावा अंगठा दहा मिनिटांत भरून यायचा. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणून म्हटलं, "पुढच्या वेळी वाद्य घेऊन या."

ते बेस मांडीवर घेऊन बसले आणि वाजवू लागले. मी सुरांकडे लक्ष दिलंच नाही, हात बघत होते. तर्जनीचं नख पांढरंफटक. मागून अंगठा असा रुतलेला, की लाकडात खळगा पडावा. श्वास अडकलेला. प्रत्येक सुरानंतर नजर डाव्या हाताकडे, चोर पकडल्यासारखी.

"ए तार, तिसरा फ्रेट," मी म्हणाले. "बोट नुसतं तारेवर ठेवा. दाबू नका. आता छेडा."

थड्. मेलेला आवाज.

"किंचित दाबा. छेडा."

थड्.

"आणखी केसभर."

खरखर झाली. पुन्हा केसभर, पुन्हा खरखर, आणि मग एकाएकी सूर स्वच्छ उमटला. गोल, भरलेला. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"थांबा. एवढाच दाब लागतो. आता बोट थोडं पुढे घ्या, फ्रेटच्या पट्टीच्या अगदी अलीकडे. दाब आणखी कमी करा."

सूर तसाच.

"आता अंगठा नेकवरून काढून टाका."

"पडेल ना!"

"उजवा कोपर बेसच्या अंगावर टेकलाय. नाही पडणार."

अंगठा न लावता त्यांनी तोच सूर सात-आठ वेळा वाजवला. चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं, पण दिसला संशय.

"पण इतकं हलकं धरलं आणि सूर सुटला तर?"

"सुटू दे."

"सुटून कसं चालेल? आलाच पाहिजे. बाकीचे चौघं माझ्यावर अवलंबून असतात. मी चुकताच कामा नये."

आता माझी एक सवय सांगते. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मुशीतली, आणि ते लपवतही नाही. १९५०च्या दशकात त्यानं धरलेलं सूत्र मला अजून पुरतं : जे घडतं त्यानं माणूस जेवढा कोलमडत नाही, तेवढा 'असंच घडायला हवं' या हट्टानं कोलमडतो. हा हट्ट नेमका कुठे दडलाय ते शोधावं लागतं. मराठीत शोधायला सोपं जातं, कारण आपण तो एका अक्षरात सामावून टाकलाय. 'आलं पाहिजे' ही इच्छा झाली. 'आलंच पाहिजे' म्हटलं की अंगठा रुतला. म्हणून समोरचा बोलत असताना असला प्रत्येक 'च' मी कागदावर एका रेघेनं टिपून ठेवते. तो कागद मी त्यांच्याकडे फिरवला.

"या रेघा कसल्या?"

"तुमचे च. आजचे एकोणीस."

"तुम्ही मोजलेतच?" ते म्हणाले, मग थबकले, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि विसावी रेघ स्वतः ओढली. इतक्या भेटींत पहिल्यांदा ते हसले.

पुढचं फार बोलावं लागलं नाही. जास्त दाबलेली तार सूर किंचित वर चढवते. म्हणजे 'सुटताच कामा नये' म्हणून लावलेला जोर सुरालाच बेसूर करतो. हे मी त्यांना समजावलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा नख पांढरं केलं असतं. बोटाला ते आधी कळलं, म्हणून टिकलं. इतकी वर्षं मी विचार बदलला की वागणं बदलतं असं मानत आले, आणि अजूनही मानते. पण काही माणसांचा विचार बोटाच्या टोकात राहतो, तो तिथेच जाऊन गाठावा लागतो, हे मला त्या दिवशी उमगलं. ही माझी मला सापडलेली गोष्ट आहे, आणि तिचा थोडा अभिमान मी बाळगते.

गृहपाठ दोन दिले. एक : मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून दहा मिनिटं एकच सूर वाजवायचा, आणि तो जिथे सुरू होतो तितक्याच ठरवून जिथे संपवायचा तिथे संपवायचा. बोट उचलायचं नाही, सैल सोडायचं. दुसरा ऐकून त्यांचा चेहरा उतरला : तालमीत प्रत्येक गाण्यात जाता-जाता लागणारा एक सूर मुद्दाम चुकवायचा.

दोन आठवड्यांनी आले ते दारातूनच बोलत.

"पाच सूर चुकवले. एकावर गिटारवाल्यानं भुवई उचलली. बाकी चार कुणाला कळलेही नाहीत!"

"मग?"

"मग एकदा सूर अगदी बरोबर होता, पण मी अर्धी मात्रा आधी शिरलो. न ठरवता. चौघांनी वळून पाहिलं."

"काय केलंत?"

"काही नाही. ड्रमरच्या पायाखालच्या किक ड्रमकडे कान दिला, एक ठोका सोडला, परत आत आलो."

याचसाठी तो गृहपाठ होता असं म्हणायला मला आवडेल. खरं तर मला एवढंच हवं होतं की चूक करून माणूस मरत नाही हे त्यांना दिसावं. बेसवाल्याकडून बँडला सगळ्यात आधी काय हवं असतं, हे मात्र त्यांचं त्यांनी शोधलं. सहा महिने ते डाव्या हाताकडे बघत बरोबर सूर शोधत होते, आणि ड्रम्स त्यांनी जवळजवळ ऐकलेच नव्हते. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणांना मी आता पहिल्या भेटीतच विचारते : वाजवताना तुम्ही कुठे बघता, आणि किक ड्रम कुठे पडतो ते मला टेबलावर वाजवून दाखवाल का? बहुतेकांना दाखवता येत नाही.

झोपेचा विषय पुढे निघाला नाही, मीही काढला नाही.

परवा ते सहज डोकावले. डी तारेवर करंगळी अजून खरखर करते म्हणाले. मी कपाटाशेजारची बेस काढून त्यांच्या हातात दिली. अंगठा सैल होता, नख गुलाबी. करंगळी फ्रेटपासून बोटभर मागे पडत होती, तेवढी पुढे सरकवली.