दहा विजयांचा हंगाम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेल फाइल दोनदा वाचली. मुलाखतीसाठी त्यांनी ‘पाच वर्षांत बास्केटबॉलचा संघ नव्याने उभा करा’ असा गृहपाठ दिला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरचा क्रमांक मिळावा म्हणून तू पहिली दोन वर्षं सरळ हरण्यासाठी राखून ठेवलीस. आकडेमोड देखणी आहे, तुझ्या आईला कळवीन तसं. पण हे पत्र मावशीचं नाही. पंचवीस वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून फिरलेल्या बाईचं आहे, तेव्हा थोडं बोचेल.

आधी एक चूक. ड्राफ्टचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीत सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता तू २५ टक्के धरली आहेस. तो जुना नियम झाला. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने, एनबीएने, २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखेच १४ टक्के दिले, ते मुद्दाम हरणाऱ्यांना चाप बसावा म्हणूनच. शेवटचा संघ पाचव्या क्रमांकावर घसरण्याची शक्यता ४७.९ टक्के असते. डेट्रॉइटने २०२३ मध्ये ६५ सामने हरून पाचवा क्रमांक घेतला. पुढच्या हंगामात सलग २८ पराभव, एकूण ६८, आणि पुन्हा पाचवाच. २०२५ मध्ये यूटाचं तेच झालं. त्या वर्षी पहिला क्रमांक गेला डॅलसला, अवघी १.८ टक्के शक्यता असताना. २०१९ ते २०२५ या सात सोडतींत तळाच्या संघाला पहिला क्रमांक एकदाही मिळाला नाही. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

पण सोडत ही तुझ्या बेतातली लहान भानगड आहे. मोठी मी डोळ्यांनी पाहिली, फिलाडेल्फियात. २०१५-१६ चा हंगाम. ऑफिसात तिकिटं फुकट वाटली जायची आणि घेणारी बहुधा मी एकटीच असायची. सॅम हिंकी २०१३ मध्ये तिथला जनरल मॅनेजर म्हणून आला तेव्हा त्याचा हिशेब तुझ्यासारखाच स्वच्छ होता: मधल्या पायरीवर अडकलेला संघ मोडा, चांगले खेळाडू देऊन पुढचे ड्राफ्टचे हक्क जमवा, वाट पाहा. १९ विजय, मग १८, मग १०. दोन हंगाम मिळून सलग २८ हरल्यावर १ डिसेंबर २०१५ ला लेकर्सविरुद्ध १०३-९१ ने जिंकले. लेकर्सच्या कोबी ब्रायंटचा त्याच्या गावातला तो शेवटचा सामना होता. लोक त्याला निरोप द्यायला आले होते. विजय बोनस.

आता नीट ऐक, कारण हे कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. त्या संघाकडे नर्लेन्स नोएल होता, दुखापतीने बाहेर बसलेला जोएल एम्बीड होता, आणि २०१५ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी जलील ओकाफोर घेतला. तिघेही सेंटर. पण त्यांच्या हातात वेळेवर चेंडू देणारा धड पॉइंट गार्डच नव्हता. उंच पोरं बास्केटखाली हात वर करून उभी, आणि पास पोचायचा तेव्हा डिफेन्स येऊन बसलेला. अशा वेळी ओकाफोर किती चांगला आहे, हे तू कसं ठरवणार? नाताळच्या सुमारास, १ विजय ३० पराभव अशी गत असताना, त्यांनी इश स्मिथला परत आणलं. त्याला त्याच उन्हाळ्यात सोडून दिलं होतं. आता ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीचे दोन हक्क मोजावे लागले. जानेवारीत एल्टन ब्रँडला बोलावलं, वय ३६. कशाला? तर पोरांना शिकवायला घरात कोणी थोरलं माणूसच उरलं नव्हतं. दहातले नऊ विजय स्मिथ आल्यानंतरचे आहेत.

म्हणजे मुद्दाम हरायचं तर संघातून कौशल्य काढून घ्यावं लागतं, आणि ते काढून घेतलं की हाताशी असलेल्या पोरांची पारखही होत नाही. जमीन नापीक करून वर महागडं बियाणं पेरायचं, असला प्रकार. २०१६ च्या एप्रिलमध्ये हिंकीने तेरा पानी राजीनामा दिला. एम्बीड पुढे २०२३ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे कबूल करायलाच हवं. २०१६ चा पहिला क्रमांक बेन सिमन्स, २०१७ चा पहिला क्रमांक मार्केल फल्ट्झ. दोघेही आज तिथे नाहीत. आणि २०२५ पर्यंत तरी बाद सामन्यांच्या दुसऱ्या फेरीपुढे हा संघ काही गेला नाही.

वरचा क्रमांक मिळाला तरी पारख लागतेच. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे आपल्या मुंबईचे, म्हणून माझा त्या संघावर जरा जीव. २०१८ मध्ये दुसरा क्रमांक हातात असताना त्यांनी मार्विन बॅग्ली घेतला आणि पुढे मोठा तारा झालेला लुका डॉन्चिच तिसऱ्यावर गेला. उलट पुढे लीगचे सर्वोत्तम ठरलेले दोघे: योकिच ४१ वा, यानिस १५ वा.

तू ओक्लाहोमाचा दाखला दिलास. २०२१ च्या डिसेंबरात ७३ गुणांनी हरलेला संघ २०२५ ला विजेता, हे खरंच. पण त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९ ला पॉल जॉर्जच्या बदल्यात आला. जेलन विल्यम्सही त्याच सौद्यातल्या हक्कावर, बाराव्या क्रमांकावर. लू डॉर्टला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. पराभवांची कमाई म्हणावी असा मुख्य खेळाडू एकच, चेट होल्मग्रेन.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. एका स्पर्धेत बाद फेरीत सोपा संघ समोर यावा म्हणून मी माझ्या मुलींना गटातला शेवटचा सामना सोडायला सांगितला. कर्णधाराने विचारलं, “मॅडम, किती पॉइंटने हरायचं?” मी आकडा सांगितला. त्यांनी तो बरोब्बर पाळला. दुसऱ्या दिवशी त्या सोप्या संघाविरुद्ध त्या सारख्या बेंचकडे बघत होत्या, आज काय करायचंय ते विचारल्यासारख्या. हरलो. फिलाडेल्फियात खेळाडूंना हरायला कुणी सांगितलं नव्हतं, ती पोरं जीव तोडून खेळायची. मी सांगितलं होतं.

तर फाइल अशी बदल. पराभव होणार असतील तर होऊ देत, तरुण संघ हरतोच. पण दोन अनुभवी खेळाडू, त्यातला एक पॉइंट गार्ड, पहिल्या दिवसापासून पगारपत्रकात ठेव. त्याने वर्षाला पाच-सहा सामने जास्त जिंकले जातील आणि तुझी १४ टक्के कदाचित १० वर येईल. मुलाखतीत नेमका त्यावरच प्रश्न येईल. तेव्हा इश स्मिथचं नाव घे.

रविवारी सकाळी फोन करू नकोस, पोरींचा सराव असतो. दुपारी कर.

तुझी,
मावशी