मैत्रिणी मन मोकळं करतात, मग काउन्सेलिंगला जाऊ का?

प्रश्न : ताई, मी बीए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मैत्रिणी सगळं मलाच येऊन सांगतात आणि म्हणतात तू काउन्सेलरच हो. एमएला काउन्सेलिंग घेऊ की क्लिनिकल? आणि पुढे काम मिळतं का, कारण घरचे म्हणतात यात पोट भरत नाही.

उत्तर : मैत्रिणी विश्वासाने येतात म्हणजे तुझ्यात काहीतरी आहेच, पण मैत्रिणी तुला आवडतात गं, क्लायंट आवडेलच असं नाही, कधी त्याचं वागणं अजिबात पटत नाही तरी त्याच्यासमोर शांत बसायचं आणि ओठावर आलेला सल्ला गिळायचा. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मधे लिहून ठेवलंय की समोरच्याला मनापासून समजून घेणं, अटी न घालता स्वीकारणं आणि आपण स्वतः खरं असणं, यावर बदल घडतो. परीक्षेत हे लिहायला पाच मिनिटं लागतात, अंगात मुरायला वर्षं जातात.

म्हणून कोर्स निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा प्रॅक्टिकम (खऱ्या क्लायंटसोबतचा सराव) आणि सुपरव्हिजन (अनुभवी काउन्सेलरने तुझं काम तपासणं) बघ, माझं तर ठाम मत आहे. चांगल्या ठिकाणी सेशन रेकॉर्ड करून (क्लायंटची परवानगी घेऊनच) शब्दन् शब्द लिहून काढायला लावतात आणि सुपरवायझर एकेका ओळीवर थांबून विचारते, इथे क्लायंट रडायला लागली तर तू विषय का बदललास, तुला कसली भीती वाटली? त्या प्रश्नाने घाम फुटतो पण शिकतेस ती तिथेच. शिवाय गोपनीयता कुठपर्यंत पाळायची, जिवाला धोका असेल तर कोणाला कळवायचं, हेही तिथेच पक्कं होतं. स्टॅटिस्टिक्स आणि डिझर्टेशन (संशोधनाचा प्रबंध) सुटत नाही, ते करावंच लागतं.

क्लिनिकलचा कल गंभीर आजार, निदान, टेस्टिंग, हॉस्पिटल इकडे, आणि काउन्सेलिंगचा नाती, अभ्यास, करिअर, दुःख, आयुष्यातले बदल इकडे, पण मधला बराच भाग सामाईक आहे. औषधं लिहून देणं साधारणपणे सायकियाट्रिस्टचं, म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टरचं काम.

आता पोटाचं. घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, सुरुवातीचा पगार बऱ्याचदा कमी असतो आणि स्वतःची प्रॅक्टिस जमायला वेळ लागतो कारण क्लायंट ओळखीतून, रेफरन्समधून हळूहळू येतात, आणि दिवसभर एकामागून एक सेशन घेत सुटलीस तर तूच थकून जाशील. पण शाळा, कॉलेज, हॉस्पिटल, व्यसनमुक्ती केंद्र, हेल्पलाइन, कंपन्यांचे कर्मचाऱ्यांसाठीचे प्रोग्रॅम, इथे कामं असतात. करिअर काउन्सेलिंगला कमी लेखू नकोस, या शाखेचं मूळच तिथे आहे, फ्रँक पार्सन्सनी १९०८ मधे बोस्टनला तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र काढलं होतं.

एक मात्र आधीच तपास, नुसत्या डिग्रीवर सगळीकडे प्रॅक्टिस करता येत नाही, लायसन्सचे नियम देशादेशात वेगळे आहेत आणि काही ठिकाणी डिग्रीनंतरही सुपरव्हिजनखाली ठरावीक तास काम करावं लागतं, तेव्हा जिथे काम करायचंय तिथले नियम वाचूनच कोर्स ठरव. आणि फॉर्म भरण्याआधी त्या डिपार्टमेंटच्या एकदोन सीनियर्सना गाठून सरळ विचार, पहिला खरा क्लायंट कधी मिळाला आणि सुपरवायझर आठवड्याला किती वेळ देते. उत्तर द्यायला त्या घुटमळल्या तर दुसरं विद्यापीठ बघ.