जपानात पहिल्यांदाच रामेन, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, खायला जाताय?

बऱ्याच छोट्या दुकानांत दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे घालायचे, मग बटण दाबायचं. 1000 येनच्या नोटा जवळ ठेवा. जुनी यंत्रं 10,000ची नोट घेत नाहीत आणि काहींना जुलै 2024मध्ये आलेल्या नव्या नोटाही चालत नाहीत. काय घ्यावं कळेना, तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा. दुकानाचा खास रामेन बहुधा तिथेच असतो.

हाकाता (फुकुओका शहराचा एक भाग) पद्धतीच्या तोन्कोत्सु, म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्श्याच्या, दुकानात नूडल्स किती शिजवू, असं विचारतात. 'कातामे' म्हणा, म्हणजे जरा कडक. त्या इतक्या बारीक असतात की तुमचे फोटो काढून होईपर्यंत गरम रश्श्यात मऊ पडतात. आधी दोन घोट रस्सा, मग लगेच नूडल्स, खुशाल सुर्र आवाज करत. भूक उरली तर 'काएदामा' मागा, म्हणजे नुसत्या नूडल्स पुन्हा मिळतात. पण त्यासाठी वाडग्यात रस्सा शिल्लक हवा. नवखे नेमके तो आधीच पिऊन बसतात.

शाकाहारी मंडळींनी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेल्या रामेनवरच्या भाज्या बघून फसू नये. रस्सा सहसा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा, वर बऱ्याचदा सुक्या मासळीचा अर्क. वरचं मांस बाजूला काढून काही भागत नाही.

टिप ठेवू नका. बाहेर रांग असेल तर खाऊन झालं की उठा, गप्पा बाहेर मारा.